फोटो जेपीजी करायचाय, केबी बसवायचेत: फॉर्मसाठी फोटो आणि सही कन्व्हर्ट करायची पूर्ण पद्धत

फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे दहा वाजलेत, सगळी माहिती भरून झालीये आणि फोटो अपलोड करायला गेलं की लाल अक्षरात येतं, 'इनव्हॅलिड फाईल फॉरमॅट'. मी तालुक्याच्या गावात फॉर्म भरून द्यायचं काम करतो आणि दर भरतीला हेच बघतो, वर्षभर अभ्यास केलेली पोरं-पोरी एका फोटोच्या फाईलपाशी येऊन रडकुंडीला येतात. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हे काम एकदा समजलं की दहा मिनिटांचं आहे. म्हणून सगळं एका जागी लिहितोय, लांबलंय जरा, पण फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी मोबाईल हातात घेऊन एकदा वाचा आणि वाचता वाचता करूनच बघा.

आधी एक गैरसमज काढून टाका

फाईल रिनेम करायची, शेवटचं एचईआयसी (आयफोनच्या फोटोच्या फाईलचा प्रकार) खोडायचं आणि तिथे जेपीजी लिहायचं, म्हणजे फोटो जेपीजी झाला असं खूप जणांना वाटतं. तसं होत नाही. नाव बदललं, आतला माल तोच राहिला. प्रत्येक फाईलच्या अगदी सुरुवातीला दोन-चार बाइट (फाईलमधल्या माहितीचे छोटे तुकडे) असे असतात की ज्यावरून ती कुठल्या जातीची आहे ते कळतं, पीएनजी फाईलच्या सुरुवातीच्या बाइटमध्ये तर चक्क पीएनजी हीच तीन अक्षरं असतात, जेपीजीची सुरुवात वेगळी, वेबपीची वेगळी. चांगली वेबसाईट नाव बघत नाही, हे बाइट बघते आणि फाईल नाकारते.

आणि नाकारली तर बरंच म्हणायचं. माझ्याकडून एकदा गडबडीत असं झालं होतं, एका मुलाने रिनेम केलेली फाईल आणली, मी उघडून न बघता अपलोड केली, त्या वेबसाईटने घेतली पण. फी भरली, फॉर्म सबमिट, आणि प्रिंट काढली तर फोटोच्या चौकटीत काहीच नाही, पांढरं. ते दुरुस्त करायला आठ दिवस फोन आणि ईमेल करत बसलो. तेव्हापासून मी कुठलीही फाईल आधी उघडून बघतो, मगच पुढे.

कुठला फॉरमॅट कशासाठी, थोडक्यात

जेपीजी आणि जेपीईजी एकच, दोन नावं आहेत फक्त. १९९२ सालचं हे स्टँडर्ड आहे आणि आजही फॉर्मवाल्या बहुतेक वेबसाईट हेच मागतात कारण ते सगळीकडे उघडतं. फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्यांचे, छोटे चौकोन पाडून डोळ्याला न जाणवणारे बारकावे ते टाकून देतं, म्हणून साईज एवढी कमी होते. पण टाकलेलं परत येत नाही, आणि दर वेळी परत सेव्ह केलं की अजून थोडं जातं. पीएनजी १९९६ चं, त्यात काही टाकलं जात नाही आणि बॅकग्राउंड पारदर्शक ठेवता येतं, लोगो, स्क्रीनशॉट, अक्षरं यासाठी ते उत्तम, पण माणसाच्या फोटोला साईज फार मोठी होते. वेबपी गुगलने २०१० मध्ये आणलं, वेबसाईटवरून फोटो सेव्ह केला की हल्ली बऱ्याचदा हेच येतं, व्हॉट्सॲपचे स्टिकरसुद्धा वेबपीच असतात. आणि एचईआयसी म्हणजे आयफोनवाल्यांची डोकेदुखी, २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो असेच काढतो, साधारण अर्ध्या जागेत तेवढाच चांगला फोटो बसतो म्हणून, पण फॉर्मच्या वेबसाईटला ते चालत नाही.

आयफोनवाल्यांनी आधी हे करा

कन्व्हर्ट करत बसण्यापेक्षा फोटो जेपीजीतच काढला तर काम निम्मं होतं. सेटिंग्जमध्ये जा, कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तिथे मोस्ट कंपॅटिबल निवडा. आता पुढचे फोटो जेपीजी येतील. आधी काढलेले मात्र आपोआप बदलत नाहीत. त्यासाठी तो फोटो शेअर करून सेव्ह टू फाईल्स करायचा, मग फाईल्स ॲप उघडून त्या फाईलवर बोट दाबून धरायचं, क्विक ॲक्शन्समध्ये कन्व्हर्ट इमेज येतं, तिथे जेपीईजी निवडायचं आणि साईज विचारली तर ॲक्च्युअल साईज, लहान करायचं काम नंतर आपण हातात ठेवून करणार आहोत. हे आयओएस १६ पासून आहे आणि ह्याला इंटरनेट पण लागत नाही. सॅमसंगच्या फोनमध्येही हाय एफिशियन्सी पिक्चर्स नावाचा पर्याय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असतो, तो चालू असेल तर बंद करा.

अजून एक, फोटो दुकानात पाठवताना व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवू नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ओरिजिनल जसाच्या तसा येतो. ओरिजिनल हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा येणार आहे.

जाहिरातीतले आकडे कागदावर लिहून घ्या

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. जाहिरातीच्या शेवटी फोटो-सहीच्या सूचनांचं एक पान असतं, ते उघडा आणि प्रत्येक फाईलसाठी तीन गोष्टी लिहून घ्या: फॉरमॅट कुठला, पिक्सेल किती बाय किती, केबी कितीपासून कितीपर्यंत.

उदाहरण म्हणून बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मचे आकडे घेऊया, कारण आपल्याकडे हा फॉर्म भरणारे खूप आहेत. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४०, २० ते ५० केबी. हाताने लिहिलेलं डिक्लेरेशन ८०० बाय ४००, ५० ते १०० केबी. सगळं जेपीजीत. सही काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर, आणि कॅपिटल लेटर्समधली सही चालत नाही. दुसऱ्या फॉर्मचे आकडे वेगळे असतात आणि ह्याचेही बदलू शकतात, त्यामुळे ताज्या जाहिरातीतलेच घ्या, मित्राने गेल्या वर्षी बनवून ठेवलेली फाईल वापरू नका.

इथे पिक्सेल आणि केबी यात गोंधळ होतो. पिक्सेल म्हणजे फोटोत आडवे किती ठिपके आणि उभे किती ठिपके. केबी म्हणजे फाईलचं वजन. पिक्सेल तेच ठेवून वजन कमी-जास्त करता येतं, ते क्वालिटीने. आणि २०० डीपीआय असं लिहिलेलं असतं त्याने घाबरू नका, ते स्कॅनरसाठी आहे, एका इंचात २०० ठिपके, म्हणजे २४० पिक्सेलचा अंगठा कागदावर साधारण ३ सेंटिमीटर. पिक्सेल बरोबर असले की डीपीआयचं काम झालंच.

क्रॉप आधी, मग लहान करणं, मग केबी

क्रम हाच ठेवा. खूप जण आधी केबी कमी करणाऱ्या वेबसाईटवर जातात, तिथून आलेला फोटो क्रॉप करतात, मग तो परत केबी कमी करायला टाकतात आणि शेवटी चेहरा ओळखू येत नाही. प्रत्येक वेळी जेपीजी सेव्ह झाला की थोडी क्वालिटी गेली, हे वर सांगितलंच.

क्रॉपसाठी कॉम्प्युटरवर असाल तर विंडोजचं साधं पेंट पुरतं. फोटो उघडा, सिलेक्ट घ्या आणि चेहऱ्याभोवती चौकट ओढा, ओढताना खालच्या पट्टीत चौकटीचे पिक्सेल दिसत राहतात, तिकडे नजर ठेवा. आपल्याला २०० बाय २३० हवंय ना, मग चौकट त्याच्याच पटीत घ्या, ८०० बाय ९२० किंवा १००० बाय ११५०. एक-दोन पिक्सेल इकडे तिकडे झाले तरी चालतं. मग क्रॉप दाबा. असं पटीत घेतलं की नंतर लहान करताना चेहरा ताणला जात नाही, नाहीतर मी अशी हॉल तिकिटं बघितलीत ज्यावर मुलगा ओळखूच येत नाही एवढा चेहरा आडवा झालाय. क्रॉप झाल्यावर लगेच जेपीजीत सेव्ह करू नका, सेव्ह ॲज करून पीएनजी निवडा. का, तर पेंटमध्ये जेपीजीची क्वालिटी आपल्या हातात नसते, आणि पीएनजीत काही जात नाही, म्हणजे जेपीजी एकदाच बनेल, शेवटी.

मोबाईलवर असाल तर गॅलरीतल्या एडिटमध्ये क्रॉप करा, तिथे नेमके पिक्सेल दिसत नाहीत पण अंदाजाने उंची रुंदीपेक्षा थोडीच जास्त ठेवा.

आता कन्व्हर्ट: स्क्वूशवर कसं करायचं

कन्व्हर्टरच्या वेबसाईट ढिगाने आहेत, पण फॉर्मच्या कामाला मी स्क्वूश वापरतो. गुगलच्या क्रोम टीमने २०१८ मध्ये काढलेलं हे टूल आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, आणि मुख्य म्हणजे फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही, सगळं काम आपल्याच ब्राउझरमध्ये होतं. ब्राउझरच्या पट्टीत स्क्वूश डॉट ॲप (squoosh.app) टाका. स्पेलिंग नीट टाका, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

क्रॉप केलेला फोटो तिथे टाकला की स्क्रीनच्या मधोमध एक उभी रेघ येते, एका बाजूला ओरिजिनल, दुसऱ्या बाजूला नवा. रेघ सरकवून दोन्ही ताडून बघता येतात, मोबाईलवर हे वर-खाली दिसतं. आता एडिटमध्ये रिसाईझ चालू करा आणि रुंदी २०० टाका, उंची आपोआप २३० च्या आसपास येईल, एखादा पिक्सेल कमी-जास्त असेल तर मेन्टेन आस्पेक्ट रेशोची (रुंदी-उंचीचं प्रमाण तेच ठेवायची) खूण काढून बरोबर २३० करा. मग खाली कॉम्प्रेसमध्ये मोझजेपीईजी (जेपीजी बनवायचाच पर्याय) निवडलेलं आहे ना बघा. क्वालिटीचा स्लायडर सुरुवातीला ७५ वर असतो आणि खाली नवी साईज दिसते.

इथे नव्या माणसाला धक्का बसतो कारण साईज २० केबीच्या खूप खाली आलेली असते, ८-१० वगैरे. सगळे केबी कमी कसे करायचे विचारतात, पण २०० बाय २३० चा फोटो मुळातच एवढासा असतो की इथे केबी वाढवायचे असतात. स्लायडर वर न्या, ९०, ९५, साईज वाढत जाते, २० च्या पुढे गेली की थांबा. पण अगदी काठावर थांबू नका. एक केबी म्हणजे कोणी १००० बाइट धरतं तर कोणी १०२४, त्यामुळे स्क्वूशवर २० दिसणारी फाईल दुसरीकडे साडेएकोणीस मोजली जाते आणि 'साईज कमी आहे' म्हणून परत येते. २३-२४ च्या पुढे आणि ४७-४८ च्या आत असू द्या. झालं की खालचं गोल डाउनलोड बटण.

सहीची गंमत वेगळी आहे, इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त पोरं सहीवर अडकतात आणि त्याचं कारण साधा हिशोब आहे. १४० बाय ६० म्हणजे ८४०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला रंगाचे तीन बाइट, म्हणजे काहीच न दाबता सुद्धा सगळा माल पंचवीस हजार दोनशे बाइट, साधारण २५ केबी. आणि बाहेर यायला हवेत १० ते २०. त्यातून कागद पांढरा, रेघ काळी, असा फोटो जेपीजीत अगदी सहज दाबला जातो, म्हणून नेहमीच्या क्वालिटीला फाईल २-३ केबी येते. मग पोरं गोंधळतात, की सगळे सांगतात मोठी चालत नाही आणि इथे छोटी चालत नाही.

उपाय दोन. पहिला, क्वालिटी १०० पर्यंत न्या. तरी १० च्या आत राहिली तर दुसरा, पिक्सेल त्याच प्रमाणात वाढवा, २८० बाय १२०. जाहिरातीत १४० बाय ६० पुढे प्रेफर्ड असा शब्द असतो, म्हणजे एवढेच हवेत असं नाही, पण ज्या फॉर्ममध्ये तो शब्द नसेल तिथे पिक्सेलला हात लावू नका. पिक्सेल वाढवताना आधी लहान केलेल्या सहीला ताणू नका, ती फाटल्यासारखी दिसते, मूळ मोठ्या फोटोवरून नव्याने २८० करा.

आणि मुळात सहीचा फोटो चांगला काढा. कोरा पांढरा कागद, रेघा नसलेला. काळं जेल पेन, बॉलपेनची रेघ लहान झाल्यावर तुटक दिसते. दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश बंद, मोबाईलची सावली कागदावर पडत नाही ना बघा, कारण ती करडी सावली कन्व्हर्ट झाल्यावर डाग होऊन बसते. फोटो वरून सरळ काढा आणि मग सहीच्या अगदी जवळून क्रॉप करा, चारी बाजूंनी थोडीशी जागा सोडून. पूर्ण ए-फोर कागदाचा फोटो तसाच १४० पिक्सेलला आणला तर सही मुंगीएवढी होते.

कागदपत्रं कुठे टाकताय ते बघा

आता जरा काळजीचं. आधार, पॅन, मार्कशीट, जातीचा दाखला, हे सगळं लोक बिनधास्त कुठल्याही फुकट कन्व्हर्टरवर टाकतात. तिथे फाईल आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते, मग बदलून परत येते. नावाजलेल्या वेबसाईट काही तासांनी फाईल डिलीट करतो असं सांगतात, पण आपल्याला ते तपासता येत नाही. आणि काही तर उघड फसवायलाच बसलेल्या असतात, मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने याच्यावर लोकांना सावध केलं होतं, की फुकट कन्व्हर्टरच्या नावाखाली कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सोडतात आणि टाकलेल्या फाईलमधली वैयक्तिक माहिती काढून घेतात.

एखादं टूल खरंच आपल्याच ब्राउझरमध्ये काम करतं का हे बघायची एक साधी परीक्षा आहे. वेबसाईट उघडा, आधी एखाद्या फुलाचा, भांड्याचा, कशाचाही फोटो कन्व्हर्ट करून बघा. मग मोबाईल एरोप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद, आणि दुसरा साधा फोटो टाका. इंटरनेट नसताना पण कन्व्हर्ट झाला तर फोटो बाहेर जात नाहीये. अडकला तर समजा फाईल सर्व्हरवर जात होती, तिथे आधार टाकू नका. मी तर कागदपत्र असेल तर परीक्षेत पास झालेल्या टूलवरसुद्धा नेट बंद ठेवूनच काम उरकतो आणि तो टॅब बंद करून मग नेट चालू करतो.

डाउनलोडच्या वेळी पण डोळे उघडे ठेवा. पानावर चार-पाच मोठी हिरवी डाउनलोड बटणं दिसली तर त्यातली बहुतेक जाहिराती असतात. आलेली फाईल जेपीजी मागितली तर जेपीजीच हवी, ईएक्सई किंवा एपीके (म्हणजे प्रोग्रॅम किंवा ॲपची फाईल) आली तर उघडू नका, सरळ डिलीट. विंडोजमध्ये शेवटची अक्षरं लपलेली असतात, फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाईल नेम एक्सटेन्शन्स चालू करून ठेवा, एकदाच करायचं काम आहे.

आधार द्यायचंच असेल आणि पूर्ण नंबर लागत नसेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मोबाईलच्या हायलायटरने नंबर झाकू नका, ती शाई अर्धवट पारदर्शक असते आणि ब्राइटनेस वाढवला की खालचा नंबर दिसतो.

फॉर्म सोडून येणारी दोन-तीन कामं

बचत गटाच्या ताई लेबलसाठी लोगो घेऊन येतात, पीएनजी असतो, मागचं पारदर्शक, आणि कुणीतरी तो जेपीजी करून दिलेला असतो तर मागे सगळं काळं झालेलं. जेपीजीत पारदर्शक असं काही नसतंच, ती जागा कुठल्यातरी रंगाने भरावीच लागते आणि काही कन्व्हर्टर काळा भरतात. त्यासाठी कन्व्हर्टरमध्ये बॅकग्राउंड कलरचा पर्याय असेल तर पांढरा निवडा, नाहीतर आधी पांढऱ्या पानावर लोगो ठेवून मग जेपीजी करा. उलटं मात्र होत नाही, जेपीजी लोगोचं पीएनजी केलं म्हणून मागचा पांढरा चौकोन जात नाही, तो वेगळा काढावा लागतो. आणि छापायला द्यायचं असेल तर तीन इंचाच्या लेबलला किमान ९०० पिक्सेल रुंदी हवी, व्हॉट्सॲपच्या डीपीवरून काढलेला लोगो चालणार नाही, ज्याने तो बनवला त्याच्याकडून मूळ फाईल मागून घ्या.

वेबपी आलेला फोटो असेल तर तोच स्क्वूश उघडतं, रिसाईझ न करता नुसतं मोझजेपीईजी, क्वालिटी ८५ आणि डाउनलोड. एचईआयसी मात्र तिथे टाकत बसू नका, ते आयफोनवरच बदलून आणा.

कन्व्हर्ट झाल्यावर फोटो आडवा पडला असं पण होतं. मोबाईल फोटो आडवाच ठेवतो आणि 'हा उभा दाखवा' अशी एक नोंद फाईलमध्ये लिहितो, काही कन्व्हर्टर ती नोंद पुसून टाकतात. गॅलरीत एकदा गोल फिरवून, म्हणजे चार वेळा रोटेट करून, सेव्ह करून बघा, नाहीतर क्रॉप करताना पेंटमध्येच सरळ करून घ्या.

अपलोड करायच्या आधी आणि नंतर

फाईलला साधं नाव द्या, इंग्रजीत, मध्ये स्पेस नको, कंस नको, फोटो असेल तर फोटो आणि सही असेल तर साईन एवढंच. विंडोजमध्ये फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे डिटेल्समध्ये पिक्सेल आणि जनरलमध्ये केबी, दोन्ही कागदावर लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघा. अपलोड झाल्यावर प्रिव्ह्यू येतो तेव्हा फोटोच्या जागी फोटो आणि सहीच्या जागी सहीच आहे ना, हे मोठ्याने बोलून बघा, घाईत अदलाबदल होते आणि फायनल सबमिटनंतर दुरुस्त करणं फार अवघड जातं.

मूळ मोठे फोटो एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, पुढच्या फॉर्मला त्यावरूनच नवीन फाईल बनवायची, ह्या छोट्या फाईलवरून नाही. आणि माझ्यासारख्याच्या दुकानात किंवा कॅफेत बसून फॉर्म भरला असेल तर उठायच्या आधी डाउनलोड्स आणि डेस्कटॉपवरच्या तुमच्या सगळ्या फाईल सिलेक्ट करून शिफ्ट धरून डिलीट दाबा, म्हणजे त्या रिसायकल बिनमध्ये राहत नाहीत, आणि ईमेल आणि व्हॉट्सॲप वेबमधून लॉगआउट करा. दुकानदाराला काय वाटेल असा विचार करू नका, मी स्वतः प्रत्येकाला हे समोर बसवून करायला लावतो.